तलावाकाठी टेंट ठोकताय? या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की नागपूरच्या रामटेक रोडवरच्या गाड्यांच्या टपावर टेंटच्या पिशव्या दिसू लागतात. खिंडसी असो, हिंगण्याकडचा झिलपी असो की दुसरा कुठला तलाव, चुका त्याच त्या. त्यातल्या निम्म्या एकाच हट्टापायी होतात: टेंट पाण्याला लागूनच पाहिजे. का, तर फोटो चांगला येतो.

आधी काठ म्हणजे काय ते समजून घ्या. सिंचनाचा तलाव पावसाळ्याअखेर भरतो. मग रब्बीला पाणी सुटतं आणि काठ मागे मागे सरकत जातो. जानेवारीत ज्याला तुम्ही मैदान म्हणता, तो ऑक्टोबरात तलावाचा तळ होता. काही ठिकाणी गावकरी त्यावर गाळपेर करतात, म्हणजे ती कुणाची तरी शेतीही असू शकते. वरचा थर उन्हाने कडक झालेला, भेगा पडलेल्या, पण वीतभर खाली काळा ओला गाळ तसाच.

या गाळावर दर हिवाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी बसते. गोष्ट ठरलेली असते. पोरं संध्याकाळी उशिरा पोहोचतात, अंधारात टेंट लावायला उजेड पाहिजे म्हणून गाडी थेट पाण्यापर्यंत नेतात. जाताना काही होत नाही. परत वळवताना पुढचं चाक पापुद्रा फोडून आत जातं, ड्रायव्हर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि दोन मिनिटांत गाडीचं पोट जमिनीला टेकतं. मग चौघं मागून ढकलतात, गाळाने माखतात, आणि शेवटी गावातून ट्रॅक्टर येतो. तोही सकाळी, कारण रात्री कोण येणार? बरं, दोर बांधला जातो बंपरला. गाडी निघायच्या आधी बंपर निघतो.

चाक फिरायला लागलं त्याच क्षणी पाय उचला. टायरची हवा २० पीएसआयपर्यंत कमी करा, चाकाभोवतीचा गाळ हाताने उकरा, पायपुसण्या किंवा फांद्या चाकाखाली सारा आणि आलात त्याच चाकोरीवरून हळू मागे या. दोर फक्त टोइंग हुकला. त्याहून सोपं म्हणजे गाडी पक्क्या जागी सोडून सामान हातात घेऊन चाला. एवढं चालायचं जिवावर येत असेल तर हॉटेलात खोली घ्या, भाऊ.

गाडी नाही बसली तरी पाण्यालगतची रात्र वाईटच जाते. थंड हवा जड असते, ती उतारावरून तलावाच्या खोलगटात येऊन बसते. शिवाय पाण्याजवळ दव जास्त. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव-अर्धा लिटर पाणी टेंटच्या आत जमतं. थंडी वाजते म्हणून मंडळी सगळ्या झडपा बंद करतात आणि पहाटे छतावरून थेंब तोंडावर पडले की ‘टेंट गळतो’ म्हणत दुकानदाराला शिव्या घालतात. टेंट गळत नाही, तुमचाच श्वास परत येतो. वरच्या झडपा दोन्ही बाजूंनी उघड्या ठेवा. बाहेरचं कापड आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, चार बोटं अंतर हवं. अंथरूण भिंतीपासून दूर.

जागा कशी शोधायची? काठावर वाळलेलं शेवाळ, काड्या, प्लास्टिक यांची एक रेघ दिसते. तिथपर्यंत पाणी आलं होतं. त्या रेघेच्या वर, पाण्यापासून साठ-सत्तर पावलं मागे, मुरमाची जमीन पाहा. फूटभराची सळई हाताच्या जोराने आत शिरली तर जागा बदला. बाभळीखाली बसू नका, तिचे काटे टेंटचा तळ आणि हवेची गादी दोन्ही भोसकतात. वाळकी फांदी असलेल्या झाडाखाली तर नाहीच. पूर्वेकडून उघडी जागा मिळाली तर सकाळचं ऊन लवकर येतं आणि टेंट वाळतो. हे सगळं उजेडात पाहायचं असतं. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चारला पोहोचा.

खुंट्या

टेंटसोबत मिळणाऱ्या काडीसारख्या खुंट्या मुरमात वाकतात आणि काळ्या मातीत टिकत नाहीत. लोखंडाच्या दुकानातून ८ मिमीची सळई घ्या, फूटभराचे तुकडे पाडून एक टोक वाकवून घ्या. वेल्डिंगवाला करून देतो. खुंटी सरळ ठोकू नका: डोकं टेंटपासून बाहेर कललेलं आणि दोर खुंटीला काटकोनात. माती फारच भुसभुशीत असेल तर हातभर लाकडाला मधोमध दोर बांधा आणि ते फूटभर खोल आडवं पुरा. नायलॉनचं कापड दवाने ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी सगळे दोर एकदा ताणा. ही सवय नसलेल्यांचे टेंट रात्रभर फडफडतात आणि शेजारच्यांचीही झोप जाते.

खालची ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान हवी. बाहेर आलेल्या कडेवर पाणी पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली जातं.

शेगडी आत नेणं

ही चूक जीव घेते, म्हणून सविस्तर. तलावाकाठी गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी झाली, जेवणं झाली, अकरा वाजले, थंडी वाढली. कुणीतरी म्हणतं, एवढा विस्तव वाया कशाला घालवायचा? निखारे घमेल्यात भरून टेंटच्या दाराशी, मग ‘जरा आत’, मग झिप बंद. गोवरीचा किंवा कोळशाचा विस्तव धूर देत नाही तेव्हाच जास्त धोक्याचा, कारण माणूस बेफिकीर होतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि गुंगीलाच लोक झोप समजतात. गॅसच्या शेगडीचंही हेच. ‘थोडी झिप उघडी ठेवली होती’ याला काही अर्थ नाही. कुणी असं सुस्त सापडलं तर आधी ओढून मोकळ्या हवेत आणा, मग १०८.

नागपूरची थंडी किरकोळ नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि तलावाकाठी शहरापेक्षा जास्तच झोंबते. पण ऊब खालून अडवायची असते. पाठीखाली साधी हवेची गादी म्हणजे पाठीखाली गार हवा. १० मिमीचा फोम घ्या. रामटेकच्या बाजूला धानाची शेती आहे. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मिळाली तर ताडपत्रीखाली वीतभर पसरा. महागड्या गादीपेक्षा बरी, फक्त विस्तव आणि विडी लांब. झोपताना कोरडे मोजे, कानटोपी, आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी.

विस्तव विझवताना माती लोटून निघू नका. राखेखाली गोवरी सकाळपर्यंत धगधगत राहते. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. वर तळवा धरल्यावर ऊब लागली तर अजून विझलेला नाही. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, तेव्हा जंगलालगत आग पेटवूच नका.

बाकीचं थोडक्यात. झिप दिवसाही बंद ठेवा, मण्यार टेंटमध्ये शिरायला परवानगी मागत नाही. बूट झटकून घाला. खाणं टेंटमध्ये नको, गाडीत बंद करा. रामटेकची वानरं पिशवी पाहूनच ओळखतात. पोहायला उतरू नका: गाळात पाय रुततो, शेवाळ गुंडाळतं, आणि तोतलाडोहसारख्या जलाशयात मगरी आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आपल्या मनाने टेंट ठोकता येत नाही. ‘कोण पाहतं’ म्हणणाऱ्यांसोबत जाऊ नका. भांडी तलावात घासू नका, बादलीने पाणी वर आणा. शौचाला पाण्यापासून सत्तर पावलं लांब, अर्धा फूट खड्डा. संत्र्याची सालंसुद्धा परत न्या. स्पीकर घरी ठेवा.

निघताना टेंट ओलाच गुंडाळावा लागतो, त्याला इलाज नाही. पण तो तसाच माळ्यावर टाकला की आठवड्यात काळे डाग पडतात आणि वास जात नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी गच्चीवर सावलीत पसरा. कडक ऊन कापडाचं कोटिंग खातं. झिपमधली माती जुन्या टूथब्रशने काढा, पोल पुसून कोरडे करा, आणि पुढच्या वेळी मोजायला नकोत म्हणून खुंट्या आत्ताच मोजून ठेवा.