ब्रॉडबँड घेताना वेग कुठे अडतो ते आधी बघा

कंपनी निवडण्याआधी विचारा: घरापर्यंत फायबर येणार की तांब्याची टेलिफोन लाइन? तांब्याच्या तारेवर अंतर वाढलं की वेग घसरतोच, मग प्लॅन कितीही महागडा घ्या. अपलोडचा वेग आणि डेटा मर्यादा संपल्यावरचा वेग मात्र लेखीच घ्या.

१०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, कारण ८ बिटांचा एक बाइट. वेग तपासताना वायफाय बंद करून लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर आकडा ९४-९५ लाच अडकत असेल, तर लाइनला दोष देण्याची घाई नको. बहुधा राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचा असतो, नाहीतर केबलची एखादी तार सुटलेली असते. प्लगच्या पारदर्शक टोकात आठही रंगीत तारा पुढपर्यंत पोचल्यात का, उजेडात धरून बघा.