एका हाताने सुटेल अशी होडी: हंगामाआधीची तयारी

पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा हंगाम उघडतो, तो थेट मेपर्यंत. इथली तयारी दोघांनी चालवायच्या उघड्या, साधारण चार मीटरच्या होडीची आहे. डोळ्यांसमोर एंटरप्राइझ धरली आहे: जॅक होल्टने 1956 मध्ये आखलेली, 4.04 मीटर लांब, एक मोठं शीड आणि पुढे छोटं शीड, म्हणजे जिब. लेझर किंवा वेफेरर जातीची होडी असणाऱ्यांनी आपापला फेरफार करून घ्यावा. सामान निवडताना मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो. ताण असताना, ओल्या हाताने, एका हाताने हे सुटेल का? दुसरा हात सुकाणूच्या दांड्यावर असतो आणि तो तिथून हलवायची सोय नसते.

सुरुवात बुचापासून. पाणी काढायच्या भोकाचं बूच दोरीने होडीलाच बांधलेलं असावं, खिशात नाही. मग होडी उलटली तरी तिला तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाक्या. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुचाच्या भोकातून नळीने तोंडाने हलकेच फुंका. जिथे बुडबुडे येतात तिथे गळती. कॉम्प्रेसरची हवा कधीच भरू नका, सांधे उकलतील. झाकणांच्या रबराला थोडं ग्रीस. आणि होडी उभी असेल तेव्हा झाकणं उघडी ठेवा, नाहीतर आत दमटपणा साचून लाकूड कुजतं.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा हा कंटाळवाणा पण खरा खर्चाचा भाग आहे. एवढ्या होडीला अडीच-तीन मिलीमीटरची स्टेनलेस तार पुरते, पण आपल्या उष्ण खाऱ्या हवेत 304 ऐवजी 316 दर्जाची घ्या. तपासायची पद्धत सोपी आहे. जुनं तलम सुती कापड चिमटीत धरून तारेवरून वर-खाली फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथला एक तंतू तुटलेला आहे. टोकाला तार जिथे दाबून बसवलेली असते तिथे हे हमखास सापडतं, कारण मीठ आणि ओल तिथेच मुरते. एक तंतू तुटला की ती तार बदलायची, पुढच्या महिन्यात बघू असं म्हणायचं नाही. त्या टोकावर टेप गुंडाळू नका, आतली ओल वाळत नाही. टेप हवी ती पिनांच्या रिंगांवर, म्हणजे त्या शिडात अडकून निघणार नाहीत. ताण कमी-जास्त करायला मी बाजूच्या तारांना भोकांची पट्टी पसंत करतो. आट्यांचा टर्नबकल बारीक जुळवणीला छान, पण तारेने बांधून ठेवला नाही तर हादऱ्यांनी आपोआप सैलावतो. काही होड्यांत पुढचा सगळा ताण जिबच्या तारेवरच असतो. तिथे डोलकाठीला पुढून धरणारी वेगळी तार, फोरस्टे, बांधाच, नाहीतर जिबचा हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) सुटला की डोलकाठीही खाली येते.

आता दोर. दुकानदार दोराची ताकद सांगतो, पण मेनशीटला, म्हणजे मोठं शीड आवळायच्या-सोडायच्या दोराला, ताकदीचा प्रश्न फारसा नसतोच. पाच मिलीमीटरचा पॉलिएस्टरही तुटणार नाही, फक्त तळहात कापेल. आठ ते दहा मिलीमीटरचा, वरून थोडा खरखरीत दोर घ्या. हॅलयार्डला मात्र न ताणणारा दोर हवा: डायनीमा, किंवा आधीच ताणून तयार केलेला पॉलिएस्टर. हॅलयार्ड ताणला गेला की शीड वरून ढिलं पडतं आणि वारा वाढल्यावर नेमकं नको तेव्हा पोटाशी फुगतं. नांगराला नायलॉन, कारण तिथे थोडी लवचीकता हवीच. ओढून नेण्यासाठी तरंगणारा पॉलिप्रॉपिलीन, साधारण पंधरा मीटर. तो उन्हात कुजतो, म्हणून बोटांत चुरून धूळ पडते का ते बघत राहा.

क्लीट म्हणजे दोर पकडून ठेवणारी खाच. तो निवडताना पहिला प्रश्न पुन्हा विचारा. जिबच्या दोरांना दोन फिरत्या जबड्यांचा कॅम क्लीट चांगला. दोर जरा वर उचलला की सुटतो. दात असलेला, हलते भाग नसलेला क्लीट स्वस्त आणि टिकाऊ, पण ताण जास्त असला की दोर खेचून वर काढावा लागतो आणि वाऱ्याच्या झोताच्या क्षणी तेवढी सवड नसते. मेनशीटला क्लीट असावा की नाही यावर खलाशांत वाद आहे. माझं मत: असू द्या, पण दुपारी दोननंतर, वारा चढतो तेव्हा, त्यात दोर अडकवू नका. त्याऐवजी एकाच दिशेने फिरणारी पुली, रॅचेट ब्लॉक, बसवा, हातावरचा भार निम्म्याच्या आसपास येतो. बूम (मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी) खाली ओढणाऱ्या किकरला किमान चारास एकची, म्हणजे चौथाई जोर लागेल अशी, पुली हवी, आणि तो सोडायचा दोर दोघांच्याही हाताशी.

गाठींचा नियमही त्या एका हाताच्या प्रश्नातूनच निघतो. निरगाठ होडीवर नको, जिथे सोडायची वेळ येणार तिथे सुरगाठ. बोलाईन ही उत्तम गाठ, पण ताणाखाली सुटत नाही. म्हणून ती जिबच्या कोपऱ्याला शीट, म्हणजे शीड आवळायचा दोर, बांधायला वापरा. तिथे शॅकल (पिनेने बंद होणारी धातूची कडी) नको, फडफडणाऱ्या जिबचं शॅकल तोंडावर बसलं तर दात जातो. दुसऱ्या बोटीने ओढून न्यायची वेळ आली तर दोराचे दोन-तीन वेढे डोलकाठीच्या बुंध्याला घ्या आणि टोक हातात धरून बसा, क्लीटला बांधू नका.

शिडांचं कापड दिसायला ठीक असतं तेव्हाही शिवण गेलेली असते, कारण ऊन आधी दोरा खातं. नखाने टाका खरवडून बघा, दोरा पिंजला तर शिंप्याकडे. शर्यतवाले ज्याकडे काणाडोळा करतात पण मी आग्रहाने बसवतो ती म्हणजे रीफची, शीड दुमडून लहान करायची, सोय. फेब्रुवारीनंतर सकाळचे मतलई वारे मरतात, तासभर पाणी आरशासारखं, आणि मग वायव्येकडून खारा वारा येतो तो चढतच जातो. शीड एक घडी कमी करता आलं नाही तर दोघांना कडेवर लोंबकळत परतावं लागतं. रीफ किनाऱ्यावर बांधून बघा, पाण्यात पहिल्यांदा नको. जिबवर दोन्ही बाजूंना लोकरीचे तुकडे चिकटवा, पुढच्या कडेपासून वीतभर मागे, म्हणजे शिडावरून वारा कसा वाहतोय ते दिसतं. असलं स्वस्त उपकरण दुसरं नाही.

उलटण्याची तयारी इथे जरा निराळी. बंदराचा तळ चिखलाचा, आणि ओहोटीला बऱ्याच ठिकाणी पाणी डोलकाठीच्या उंचीपेक्षा कमी. होडी पूर्ण पालथी झाली की डोलकाठीचं टोक गाळात रुततं, आणि सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर) उभं राहून झुललात तर डोलकाठी वाकते किंवा मोडते. म्हणून टोकाला तरंगणारा फुगा बांधा. दिसतो बावळट, वाऱ्याला थोडा अडतो, पण होडी आडवीच राहते, पालथी होत नाही. कडेला खालून दोर घ्या, त्याला धरून होडी सरळ करता येते, आणि मागे पाय ठेवायला दोराचा एक फास, कारण थकलेल्या माणसाला आत चढता येत नाही. सरळ करण्याआधी दोन्ही शीट सोडा, नाहीतर होडी उठते आणि दुसऱ्या अंगाला पडते. पाणी उपसायला बादली, मजबूत कडीची, बांधलेली. तळातला सेल्फ-बेलर, आपोआप पाणी बाहेर काढणारी झडप, होडी वेगात असतानाच पाणी ओढतो.

वारा पडला आणि ओहोटी लागली की नांगर हाच ब्रेक. चिखलात चार नख्यांचा नांगर घसरतो, तिथे डॅनफोर्थ धाटणीचा, रुंद फाळांचा घ्या. त्याला दोन मीटर साखळी आणि चाळीस मीटर नायलॉन. पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोर सोडायचा, आणि खोली भरतीची धरायची: उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. दोराचं आतलं टोक होडीला बांधलंय ना, एवढं बघा. भरतीच्या वेळेसाठी कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. अंदाजाला उत्तम, पण घरापुरी किंवा मांडव्याच्या दिशेने जायचं तर छापील कोष्टक बघा.

माणसांसाठी: लाइफ जॅकेट अंगावर, पिशवीत नाही. 50 न्यूटन तरंगशक्तीचं जॅकेट पोहणाऱ्यासाठी आहे, शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणं करत नाही. न पोहणारा सोबत असेल तर 100 किंवा त्याहून अधिक. जॅकेटला शिट्टी आणि बोथट टोकाचा करवती चाकू. पायात जाड तळाचे बूट, खडकांवरची कालवं पाय चिरतात. टोपीला दोरी. माणशी दोन लिटर पाणी. वल्ही दोन. बंद पिशवीत जास्तीचे शॅकल, पिना, बारीक डायनीमा, टेप, आणि झाकल्या पिशवीतला फोन. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुरकट असतं, म्हणून छोटं होकायंत्र. सात मीटरखालच्या शिडाच्या होडीला दिवे नसले तरी अंधारात टॉर्च हाताशी ठेवणं आंतरराष्ट्रीय नियमातच आहे. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या मोठ्या जहाजांच्या मार्गात अडसर व्हायचं नाही हाही नियमच. नौदलाच्या हद्दीपासून तर लांबच.

निघण्याआधी किनाऱ्यावर एका माणसाला सांगा: होडीचा रंग, शिडाचा क्रमांक, दोघांची नावं, परतायची वेळ. त्या वेळेनंतर किती थांबून त्याने तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करायचा तेही आधीच ठरवा, आणि परत आल्यावर होडी धुण्याआधी त्याला कळवा.