६ ग्रॅमचा मनोरा आणि १५ किलोची वाळू

हलक्या मनोऱ्याच्या स्पर्धेचा निकाल एका भागाकारावर ठरतो: मनोऱ्याने पेललेला भार भागिले मनोऱ्याचे स्वतःचे वजन. अमेरिकेतील सायन्स ऑलिंपियाड या शालेय स्पर्धेत मनोऱ्याचा प्रकार असतो तेव्हा माथ्यावरून साखळीने बादली टांगून तीत वाळू ओततात आणि १५ किलोपर्यंतचाच भार गुणांसाठी धरतात. पुढील सर्व हिशेब मी याच भाराचा आणि ४८ सेंमी उंचीच्या, चार पायांच्या, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या मनोऱ्याचा केला आहे. आपल्या स्पर्धेची उंची आणि भार वेगळा असेल तर आकडे बदलतील, विचाराची पद्धत बदलणार नाही. नियमपत्रिका वाचताना आधी गुणांचे सूत्र नीट पाहावे. ६ ग्रॅमच्या मनोऱ्याने पूर्ण १५ किलो पेलले तर गुणोत्तर २,५०० येते, पण ४.५ ग्रॅमचा मनोरा १२ किलोला मोडला तरी ते सुमारे २,६६७ होते. म्हणजेच मनोरा शेवटपर्यंत उभा राहिला यात समाधान मानू नये. १५ किलो पेलून जो मनोरा आणखी पाच किलो सहज घेईल, त्याने जास्तीचे लाकूड विनाकारण वाहिले आहे.

आकार ठरवताना बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर येतो आणि तेथेच पहिली चूक होते. १८८९ साली पुरा झालेल्या त्या ३०० मीटरच्या मनोऱ्यात सुमारे ७,३०० टन लोखंड आहे. त्याची हजारपट लहान, ३० सेंमी उंचीची हुबेहूब लोखंडी प्रतिकृती केली तर ती साधारण ७ ग्रॅमच भरेल. जाळीदार बांधणीत केवढी काटकसर होऊ शकते हे त्यावरून समजते आणि ती जरूर शिकावी; मात्र त्याचे खालून फाकत गेलेले बाकदार पाय हे वाऱ्याच्या जोरासाठी काढलेले उत्तर आहे. आपल्या मनोऱ्यावर वारा नाही, भार सरळ खाली ओढणारा आहे, आणि बाक दिलेला पाय उभ्या भाराखाली आपण दिलेल्या बाकाच्याच दिशेने आणखी वाकतो. म्हणून पाय माथ्यापासून तळापर्यंत सरळ रेषेत ठेवावेत. तळ किती रुंद असावा हे नियमात सांगितलेले असते. तेवढाच ठेवावा, कारण तळ रुंद केला की प्रत्येक आडवी आणि तिरपी पट्टी लांबते आणि वजन वाढते.

आता मुख्य मुद्दा. सडपातळ लाकडी पाय दाबाने चुरडण्याच्या कितीतरी आधी कडेला बाक घेतो आणि त्या बाकानेच मोडतो. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिले की बाक येण्यापूर्वी काडी जो भार घेते तो तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो: लांबी निम्मी केली की ताकद चौपट होते. मध्यम प्रतीच्या बाल्साची ३ मिमी बाय ३ मिमीची काडी घेतली, तर १० सेंमी लांबीला ती साधारण २ किलो पेलते, ६ सेंमीला साडेपाच किलोंच्या वर आणि ५ सेंमीला ८ किलो. १५ किलो चार पायांवर वाटले तर प्रत्येकी पावणेचार किलो येतात. पायाची लांबी येथे दोन आडव्या पट्ट्यांमधल्या अंतराएवढीच धरायची, कारण जोडापाशी पाय कडेला सरकू शकत नाही. म्हणजे १० सेंमीवर आडव्या पट्ट्या लावलेला मनोरा निम्म्या वाटेतच मोडेल, आणि ६ सेंमीवर लावलेल्या मनोऱ्यापाशी गरजेच्या दीडपट ताकद राहील. सांध्यातला वाकडेपणा आणि लाकडातील उणीव भरून काढायला एवढी शिल्लक लागतेच. ५ सेंमीपेक्षा जवळ जाऊन फारसे काही पदरात पडत नाही, कारण त्यापुढे लाकूड बाक घेण्याऐवजी चुरडून तुटू लागते.

हे आकडे मी दिले म्हणून मानू नका, कारण बाल्साच्या दोन काड्या कधीच सारख्या नसतात. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ३० सेंमीची काडी उभी धरावी, वरच्या टोकावर बोटाने सरळ खाली दाबावे आणि ती मधोमध बाक घेऊ लागली की काट्यावरचा आकडा वाचावा. आणखी दाबले तरी आकडा फारसा वाढत नाही, हीच ती मर्यादा. आकडा २२५ ग्रॅम आला तर ६ सेंमीच्या तुकड्यासाठी, लांबी पाचपटीने कमी झाल्यामुळे, त्याला २५ ने गुणावे: ५,६०० ग्रॅमच्या आसपास. एका काडीला दहा सेकंद लागतात आणि काडी खराबही होत नाही. माझ्या मते संपूर्ण स्पर्धेत एवढे मोल दुसऱ्या कोणत्याही कृतीला नाही. चाळीस काड्या कापाव्यात, प्रत्येकीचे वजन आणि दाबाचा आकडा तिच्यावर पेन्सिलीने लिहावा आणि त्यांतून पायांसाठी चार निवडाव्यात. चारही एकमेकींना जवळच्या असाव्यात. तीन उत्तम आणि एक दुबळी असेल तर मनोरा त्या एकीच्या ताकदीचाच राहतो.

लाकूड विकत घेतानाही काटा जवळ हवा. १ मीटर लांब, १० सेंमी रुंद आणि ३ मिमी जाडीची फळी ४५ ग्रॅम भरली तर तिची घनता दर घनमीटरला १५० किलो होते. ३० ग्रॅमची फळी १०० ची आणि ६० ग्रॅमची २०० ची. घनता वाढली की ताठपणाही साधारण त्याच प्रमाणात वाढतो, पण पायांसाठी जड लाकूड घेणे तोट्याचे ठरते. त्याच वजनात हलक्या लाकडाची जाडी वाढवता येते, आणि बाकाला विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. दाट लाकडाच्या ३ मिमी काडीऐवजी तेवढ्याच वजनाची, हलक्या लाकडाची ३.५ मिमी काडी वापरली, तर ती सुमारे एक तृतीयांश जास्त भार घेते. ताण घेणाऱ्या तिरप्या पट्ट्यांना मात्र बाकाचे भय नसते, म्हणून त्या दाट लाकडाच्या आणि दीड मिमीइतक्या बारीक चालतात.

दोन पाय आणि दोन आडव्या पट्ट्या यांमधल्या प्रत्येक घरात तिरप्या पट्ट्यांची फुली मारावी आणि जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे गोंदाचा एक थेंब द्यावा. त्यांचे काम भार उचलण्याचे नाही. पायाचा जोड जागेवरून हलू न देणे एवढेच आहे, पण तेच नसेल तर ६ सेंमीचा हिशेब खोटा ठरतो. चारही बाजूंना फुल्या मारूनसुद्धा वरून पाहिलेला चौकोन समभुज चौकोनासारखा चेपू शकतो. म्हणून दोन-तीन मजल्यांवर आतून एक कर्णपट्टी आडवी लावावी, मात्र साखळी जाण्याची मधली वाट मोकळी ठेवून. अशा मनोऱ्याचे गणित साधारण असे बसते: पाय २.६ ग्रॅम, फुल्या १.८, आडव्या पट्ट्या १.१ आणि उरलेले गोंदाचे व कर्णपट्ट्यांचे.

बांधणीसाठी कागदावर एका बाजूचे पूर्ण मापाचे रेखाटन करावे, ते सॉफ्टबोर्डवर ताणून लावावे, वर पातळ प्लास्टिक अंथरावे आणि काड्या टाचण्यांनी अडकवाव्यात. टाचणी काडीच्या कडेला टोचावी, काडीतून आरपार कधीही नको. समोरासमोरच्या दोन बाजू अशा सपाट तयार झाल्या की त्या काटकोनात उभ्या करून उरलेल्या पट्ट्यांनी जोडाव्यात. प्रत्येक मजल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत आणि माथ्यावरून एक डोळा मिटून खाली पाहावे. मनोऱ्याला पीळ पडला असेल तर तो लगेच दिसतो आणि गोंद ओला असेपर्यंतच सुधारता येतो. आडव्या पट्टीची टोके पॉलिश पेपरने घासून दोन पायांमध्ये नेमकी बसवावीत. फुल्या पायाच्या बाहेरच्या अंगावर चढवून चिकटवाव्यात म्हणजे गोंदाला पुरेशी जागा मिळते. फट गोंदाने बुजवण्याचा मोह टाळावा: तेथे वजन वाढते आणि जोड दुबळाच राहतो.

पातळ फेविक्विक बाल्सात क्षणात झिरपते, त्यामुळे टाचणीच्या टोकाने एका सांध्याला एकच बारीक थेंब द्यावा. बाटलीतून थेट ओतले तर अर्धा ग्रॅम कधी गेला ते कळत नाही. फेव्हिकॉलमधील पाणी वाळताना उडून जाते आणि सांधा लवकर तडकत नाही, पण वेळ लागतो. मी फुल्यांना फेव्हिकॉल आणि बाकी सगळीकडे फेविक्विक वापरतो.

पूर्ण झालेल्या मनोऱ्याचे चारही माथे एकाच पातळीत आले पाहिजेत. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर मनोरा उलटा धरून हलक्या हाताने घासावा. एक पाय अर्धा मिलिमीटर जरी आखूड राहिला, तरी डगमगत्या स्टुलासारखा सगळा भार समोरासमोरच्या दोन पायांवर जातो. एकदा माझ्या गटाचा मनोरा हिशेबाच्या बरोबर निम्म्या भाराला मोडला, त्याचे कारण हेच होते, आणि ते आम्हाला तुकडे जुळवून पाहिल्यावर समजले.

म्हणून स्पर्धेपूर्वी निदान तीन मनोरे मोडावेत आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करावे. नुसत्या डोळ्यांना सगळा मनोरा एकदम कोसळल्यासारखा वाटतो. चित्रणात पहिल्यांदा कोणती काडी सुटली ते दिसते. पुढच्या मनोऱ्यात तेवढीच काडी सुधारावी, आणि तिन्ही वेळा अखंड उरलेल्या पट्ट्या एकेक पायरीने बारीक कराव्यात.

पावसाळ्यात बाल्सा हवेतील ओल शोषून जड आणि मऊ होते, त्यामुळे मनोरा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि वजन करण्याची वेळ येईपर्यंत बाहेर काढू नये. भार चढवताना वाळू बारीक धारेने, बादलीच्या मध्यावर ओतावी. नियमात परवानगी असेल तर दुसऱ्याने बादलीचा झोका काडीने थोपवून धरावा, कारण झुलणारी बादली तिरपा ओढा देते आणि तो आपल्या हिशेबात धरलेला नाही. शेवटच्या तीन किलोंना धार आणखी बारीक करावी.