लाकूड-काँक्रीटच्या सांध्यावर टाइल तडकणे : माझा अनुभव

इंग्लंडमधलं जुनं घर. किचनचा अर्धा भाग लाकडी फळ्यांवर, नंतर वाढवलेला काँक्रीटवर. बरोबर सांध्याच्या रेषेत टाइल तडकायच्या, ग्राउटचा (टाइलमधल्या फटीत भरायच्या मिश्रणाचा) भुगा व्हायचा. लवचिक ग्राउटही टिकलं नाही. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी जमलं ते असं. टाइल उखडल्या. लाकडी तुळयांमध्ये आडवे ठोकळे बसवून फ्लोअरचा हेलकावा घालवला. चालताना कपाटातले कप वाजायचे थांबले तेव्हाच पुढे गेलो. मग फळ्यांवर लवचिक अ‍ॅडेसिव्ह, त्यावर सिमेंट बोर्ड, दर 200 मिमीला स्क्रू. काँक्रीट लेव्हलिंग कंपाउंडने त्याच उंचीला आणलं. दोन्हींवर डीकपलिंग मॅट (खालची हालचाल टाइलपर्यंत पोचू न देणारा थर), पण सांध्यावर कापलेली. लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, म्हणून टाइलची कड नेमकी सांध्यावर आणली आणि तिथे ग्राउटऐवजी सिलिकॉन भरलं.