उचल आणि उधारी नकाशावर: नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यासाठी

इतवारीतून शहरभरच्या पाचसहाशे किराणा दुकानांना माल जातो असं धरा. दुकानाचं नाव, पत्ता, महिन्याची उचल (किती माल घेतला), थकलेली उधारी, शेवटच्या ऑर्डरची तारीख हे सगळं एक्सेलमध्ये असतंच. पण कुठल्या भागातली गाडीची फेरी परवडत नाही, हे त्या यादीतून कळत नाही. नकाशावर कळतं, मात्र जागा बरोबर टाकल्या असतील तरच. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ जागांवर घालवा.

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे सेल्समनने दुकानासमोर उभं राहून गूगल मॅप्सवर बोट दाबून धरायचं आणि दिसणारे दोन आकडे पाठवायचे. नागपुरात ते २१.१५ आणि ७९.०९ च्या आसपास येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दोन्ही वेगळ्या स्तंभांत, दशांशानंतर निदान चार अंक. चौथ्या अंकापर्यंत अचूकता साधारण अकरा मीटरची असते, दुकानाला तेवढी पुरते. आकडे उलटे पडले तर दुकान थेट नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डजवळ जाऊन बसतं. ही चूक निदान लगेच दिसते.

न दिसणारी चूक जास्त घातक. पत्त्यावरून आपोआप जागा शोधायला लावली आणि पत्ता नीट समजला नाही, तर बरीच साधनं पिनकोडचा किंवा शहराचा मध्यबिंदू देऊन मोकळी होतात. मग वीस दुकानं एकाच ठिपक्याखाली दडतात आणि तिथे धंदा जोरात आहे असं वाटतं. एक्सेलमध्ये अक्षांश-रेखांशाच्या जोड्या डुप्लिकेट आहेत का ते तपासा. ज्या निघतील त्या जागा पुन्हा घ्या.

रकमेच्या स्तंभात रुपयाचं चिन्ह किंवा स्वल्पविराम नको, नाहीतर आकडा मजकूर म्हणून वाचला जातो. एक्सेलमधून फाईल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या साध्या मजकुराच्या प्रकारात सेव्ह करा, म्हणजे मराठी नावांची प्रश्नचिन्हं होणार नाहीत.

नुसतं पाहायचं असेल तर गूगल माय मॅप्स पुरे. त्यातल्या एका लेयरमध्ये, म्हणजे नकाशावरच्या एका थरात, दोन हजार ओळी मावतात. विश्लेषणासाठी आम्ही क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरच सुचवू, तेही फुकट आहे. त्यात ‘डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ने फाईल घ्या, एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश, सीआरएस (जागा मोजायची पद्धत) ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांतली. मग लेयर ईपीएसजी ३२६४४ या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत रीप्रोजेक्ट करा, म्हणजे बदलून घ्या. हे टाळलं तर मोजमाप मीटरऐवजी अंशांत होतं: दोन किलोमीटरचं वर्तुळ काढायला ‘२’ लिहिलंत की ते अमरावतीच्याही पुढे पोचतं.

ठिपक्याचा आकार उचलीवर ठेवा, रंग उधारी किती दिवसांची आहे त्यावर: तीस दिवसांपर्यंत हिरवा, साठपर्यंत पिवळा, पुढे लाल. आकार ठरवताना ‘सरफेस’ पद्धत निवडा, त्यात ठिपक्याचं क्षेत्रफळ उचलीच्या प्रमाणात राहतं. ‘रेडियस’ घेतली तर दुप्पट उचलीचं दुकान चौपट मोठं दिसतं.

महापालिकेच्या दहा झोननुसार रंग भरायचे असतील तर एकूण विक्री भरू नका. जिथे दुकानं जास्त तो झोन आपसूक गडद होतो. विक्रीला दुकानांच्या संख्येने भागा.

अंतराच्या वर्तुळांवरही फार विसंबू नका. रेल्वेमार्गाने शहराचे पूर्व-पश्चिम भाग पाडले आहेत. सरळ रेषेत जवळ दिसणाऱ्या दुकानापर्यंत जायला गाडीला पूल किंवा अंडरपास गाठावा लागतो. क्यूजीआयएसला जोडायचं ‘ओआरएस टूल्स’ हे प्लगइन रस्त्यांवरून पंधरा मिनिटांत पोचता येणारा भाग काढून देतं, फेऱ्या त्यावर आखा. त्यात ट्रॅफिक धरलेली नसते, म्हणून संध्याकाळच्या फेरीला वेळ वाढवून धरा.

नकाशा इतरांना द्यायचा तर ‘क्यूजीआयएसटूवेब’ प्लगइनने वेबपानाच्या रूपात काढा. ठिपक्यावर क्लिक केलं की माहिती उघडते. त्याआधी मालकांची नावं आणि मोबाईल नंबर मूळ लेयरमधूनच काढून टाका. पॉपअपमध्ये लपवलेला स्तंभ फाईलमध्ये उरू शकतो.

शेवटी ज्यांची पंचेचाळीस दिवसांत ऑर्डर नाही तेवढीच दुकानं फिल्टर करा. ती विखुरलेली असतील तर एकेका दुकानदाराशी बोलावं लागेल. एकाच रस्त्याला ओळीने असतील तर आधी त्या रूटवर कोण जातं आणि किती दिवसांनी जातं ते बघा.