बाहेरची लो-कार्बन टेक्नॉलॉजी आपल्या फाउंड्रीत आणायची असेल तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडचे बरेच फाउंड्रीवाले (लोखंड वितळवून ओतकाम करणारे) हल्ली विचारतात की युरोपातली नाहीतर जपानची भट्टी घेऊ का, लाइट बिल उतरेल का, एक्स्पोर्टच्या कस्टमरला कार्बनचा आकडा दाखवता येईल का. घ्या की, पण मशीन मागवायला एक पीओ (खरेदीची ऑर्डर) पुरते आणि ते नीट चालवायचं ज्ञान इथल्या मेल्टरच्या (भट्टीवर मेटल वितळवणाऱ्याच्या), मेंटेनन्सवाल्याच्या, फॅब्रिकेटरच्या हातात उतरवायला वेगळी तयारी लागते, ती आधीपासून करावी लागते आणि नेमकं तेच राहून जातं. कमी कार्बनवाली टेक्नॉलॉजी देशात रुजते ती अशाच छोट्या शेडमधून, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी मोजा. भट्टीला वेगळा मीटर बसवा आणि प्रत्येक हीटला (भट्टी एकदा भरून वितळवली की एक हीट) किती टन मेटल निघालं, किती युनिट गेले हे रजिस्टरला लिहायला लावा. लोखंड वितळवून 1500 डिग्रीपर्यंत न्यायला थिअरीप्रमाणे टनाला 400 युनिटच्या आसपास लागतात, आपल्याकडे 600 आणि त्याच्याही वर जातात. हा मधला फरक कुठे जातो ते शोधायला परदेशी कन्सल्टंट लागत नाही. भट्टीचं झाकण उघडं असतं, लॅब रिपोर्ट यायची वाट बघत मेटल तसंच तापत राहतं, आणि रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठलेलं, कास्टिंगपासून तोडलेलं लोखंड) परत भट्टीत टाकताना त्याला चिकटलेली वाळू तशीच आत जाते, मग ती वाळूही तुम्ही लाइट बिल भरून वितळवता आणि स्लॅग म्हणून बाहेर काढून टाकता! रिटर्न माल आधी शॉटब्लास्ट (बारीक लोखंडी गोळ्यांचा मारा) करून साफ करून घ्या, झाकण वापरा, दोन-तीन महिने आकडे बघा आणि मगच नव्या भट्टीचं गणित मांडा, नाहीतर झाकण लावून झालेली बचत सप्लायर आपल्या मशीनच्या नावावर दाखवेल.

दुसरं म्हणजे कार्बनचा हिशोब स्वतः करा. ग्रिडच्या एका युनिटमागे आपल्या देशात साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे टनाला 600 युनिट धरले तर 420 किलो. एक किलो कोक (भाजलेला दगडी कोळसा) जळला की ढोबळमानाने 3 किलो, म्हणजे टनाला 100 किलो कोक खाणारा चांगला कपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) 300 किलोवर थांबतो. म्हणजे कपोला काढून इंडक्शन (विजेवरची भट्टी) बसवला की झालो आपण ग्रीन, असं अजिबात नाही. इंडक्शनचे बाकी फायदे खरे आहेत, ग्रेड कंट्रोल चांगला मिळतो, शेडमध्ये धूर कमी, पण कार्बन उतरवायचा असेल तर त्याच्या जोडीला सोलर नाहीतर विंडची वीज पाहिजे. 2022 च्या ग्रीन ओपन अ‍ॅक्सेस (बाहेरच्या उत्पादकाकडून थेट ग्रीन वीज घेण्याच्या) नियमांनंतर 100 किलोवॉटच्या लोडपासून तो रस्ता खुला झालाय, तो तपासा.

आता टेक्नॉलॉजी निवडताना काय बघायचं. इथे हावड्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1990 च्या दशकात टेरी (ऊर्जेवर काम करणारी दिल्लीची संशोधन संस्था) आणि स्विस सरकारची विकास संस्था एसडीसी यांनी मिळून, ब्रिटिश तज्ज्ञांची मदत घेऊन, हावड्याच्या एका छोट्या फाउंड्रीत डिव्हायडेड ब्लास्ट कपोला उभा केला, 1998 मध्ये तो सुरू झाला आणि तिथला कोक साधारण एक तृतीयांशाने कमी झाला. साध्या कपोल्यात खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर जाताना गरम कोकला खातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे कोकही गेला आणि उष्णताही गेली. या डिव्हायडेड ब्लास्टमध्ये ट्वियरची (हवा आत सोडणाऱ्या नळ्यांची) दुसरी रांग वर असते, तिथून हवा मिळाली की तो मोनॉक्साइड जळतो, उष्णता वरच्या चार्जला (भट्टीत भरलेल्या मालाला) मिळते आणि मेटलही जास्त गरम निघतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की शेलला वर आणखी चार भोकं पाडली की झालं काम. दोन रांगांमधलं अंतर, दोन्हीकडे हवा किती वाटायची, ब्लोअर किती प्रेशरचा, विहिरीची (तळाशी मेटल साठतं त्या जागेची) खोली, स्टॅकची उंची हे सगळं आपल्या भट्टीच्या मापाला बसवावं लागतं, नुसत्या नकलेने कोक वाचत नाही. म्हणून सप्लायरला सांगा की आमच्या साइजचा, आमच्यासारखा मिक्स स्क्रॅप वापरणारा, आमच्यासारखं व्होल्टेज वर-खाली होणारा भारतातला प्लांट दाखव, कॅटलॉग नको. आणि तिथे गेलात की मालकाशी बोलण्याआधी नाइट शिफ्टच्या मेल्टरशी बोला.

आता अ‍ॅग्रीमेंट, इथे घाई करू नका. किमतीवर आपण आठवडाभर घासाघीस करतो आणि ट्रेनिंगची ओळ न वाचता सही करतो. लिहून घ्या: ड्रॉइंग मिळणार, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) पासवर्ड आणि प्रोग्रामचा बॅकअप आपल्याकडे राहणार, कॉइलच्या कूलिंगला पाणी कसं लागतं ते स्पष्ट लिहिलेलं असणार, दोन्ही शिफ्टच्या लोकांना प्रत्यक्ष हीट घेऊन ट्रेनिंग मिळणार, मॅन्युअल फोटोंसकट मराठीत (आणि बिहार-ओडिशाची पोरं असतील तर हिंदीतही). परफॉर्मन्स गॅरंटी टनाला युनिटमध्ये आणि आपल्याच स्क्रॅपवर, आणि ते सिद्ध होईपर्यंत पेमेंटचा काही हिस्सा हातात राखून ठेवायचा. चांगला सप्लायर याला नाही म्हणत नाही.

पेटंटच्या नावाने घाबरवणारेही भेटतात. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं, भारतात घेतलेलंच नसेल किंवा 20 वर्षं होऊन गेली असतील तर ती रचना इथे वापरायला रॉयल्टी लागत नाही. पेटंट ऑफिसची सर्च साइट फुकट आहे, बघा आणि पक्कं करायला एखाद्या पेटंट एजंटला दाखवा. पण पेटंटचा कागद मोकळा असला तरी चालवण्यातले बारकावे त्यात नसतात, ते शिकवण्याचे पैसे द्यायला मागेपुढे बघू नका.

पैशाचं म्हणाल तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने जुलै 2025 मध्ये सुरू केलेली अदिती (ADEETIE) योजना बघा, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. तुमची मोजणी तयार असेल तर ऑडिट आणि डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) भराभर होतो. आणि एकट्याने जाऊ नका, आठ-दहा जणांनी मिळून एकच स्पेसिफिकेशन काढा. एलईडी बल्बचं काय झालं ते आठवा, 2014 मध्ये सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा बल्ब एकगठ्ठा मागणीमुळे दोन-तीन वर्षांत 40 च्या खाली आला. भट्टीचे भाव तसे कोसळणार नाहीत, पण इथे स्पेअर्सचा साठा ठेवायला आणि सर्व्हिस इंजिनीअर बसवायला सप्लायरला कारण मिळतं.

मशीन बसताना उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेटरला आणि रिफ्रॅक्टरीच्या (भट्टीच्या आतल्या उष्णता सोसणाऱ्या अस्तराच्या) मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा, त्यांची मजुरी तुम्ही द्या. फिरोजाबादला 1996 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर काचेच्या भट्ट्या कोळशावरून गॅसवर न्याव्या लागल्या, तेव्हा टेरीने बनवलेली गॅसची भट्टी पसरली ती तिथल्या मिस्त्री लोकांना ती बांधता यायला लागली म्हणून. आपल्याकडेही पहिल्या लायनिंगला जो मिस्त्री सोबत असेल तोच शेजारच्या शेडमध्ये दुसरी भट्टी बांधेल. सहा महिन्यांचं रजिस्टर भरलं की शेजारच्या चार मालकांना बोलवा, त्यांच्या मेल्टरसकट, आणि चालू हीटवर मीटर दाखवा.