क्रिबेन्सिस पाळायचाय? आधी गुहेची सोय करा

क्रिबेन्सिस हा सिक्लिड कुळातला छोटा आफ्रिकन मासा. दुकानात 'आफ्रिकन सिक्लिड' मागितला की बरेच दुकानदार सोबत प्रवाळाची वाळूही देऊ करतात. तिने पाणी जड (क्षारांचं) आणि अल्कधर्मी होतं. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातल्या माशांना ती ठीक, क्रिबेन्सिसला नाही. हा दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारपट्टीवरच्या नद्या-ओढ्यांतला मासा. जड, अल्कधर्मी पाणी त्याच्यावर लादू नका.

एका जोडीला अडीच फुटी टाकी घ्या. तळाला बारीक, गुळगुळीत नदीची वाळू, कारण हे मासे ती तोंडाने उपसत बसतात. तापमान २४ ते २७ अंश आणि पीएच ६ ते ७.५ चालतो. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात आरओचं मिसळा. फिल्टर सुरू करून टाकी मुरू द्या. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर मासे आणायची घाई नको.

आता गुहा. माझ्या मते सगळं यश इथेच ठरतं. नारळाची करवंटी उकळून, काठाला खाच पाडून पालथी ठेवा. मातीचं छोटं मडकंही चालेल. दार मासा जेमतेम आत जाईल एवढंच ठेवा आणि अशा दोन-तीन जागा करा. देशी बदामाची वाळलेली पानं टाकली तर आडोसाही होतो.

पाच-सहा लहान मासे आणा, त्यांना आपली जोडी जमवू द्या आणि बाकीचे काढून घ्या. नर लांबट, मादी आखूड आणि गोलसर. मागणी घालते ती मादीच: अंग वाकवून जांभळट लाल पोट नराला दाखवत थरथरते. ते पाहण्यासारखं असतं!

अंडी गुहेच्या छताला चिकटवली जातात. आत मादी, बाहेर नर असा पहारा असतो. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात आणि पुढच्या आठवड्याभरात पिल्लं पोहू लागतात. त्यांना अंड्यातून नुकताच फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक कोळंबीसारखा जीव) द्या. या काळात तळाशी फिरणाऱ्या कोरिडोरास या छोट्या, मिशाळ माशांना आईबाप जबर मारतात, म्हणून ते सोबत ठेवूच नका. पहिली वीण खाल्ली गेली तरी जोडी मोडू नका. पुढच्या वेळी बहुतेकदा नीट सांभाळतात.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. पिल्लं जास्त झाली तर दुकानात किंवा ओळखीच्या माणसाला द्या, पण नदीत, तळ्यात मुळीच सोडू नका. आपल्या धरणांत पसरलेली चिलापीसुद्धा आफ्रिकेतलीच सिक्लिड आहे.